पहिल्या लढतीनंतरचा सराव

पहिल्या हौशी लढतीनंतर नवख्या किकबॉक्सरला नव्या लाथा शिकण्याची घाई होते. गरज मात्र जुन्याच गोष्टी दडपणाखाली टिकवण्याची असते. पॅड धरणारा जोडीदार मार घ्यायलाच उभा असतो, प्रतिस्पर्धी उलट मारतो. या फरकापुढे काय टिकले आणि काय निसटले, हे पहिली लढत दाखवते.

‘वाको’ या जागतिक संघटनेच्या नियमांत रिंगमधली हौशी लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि मध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. एवढ्याशा वेळातही अनेकांना पहिल्याच फेरीत धाप लागते. भीतीने खांदे आवळले जातात, श्वास रोखला जातो, प्रत्येक ठोसा सगळी ताकद लावून मारला जातो. नुसते धावणे वाढवून हे सुटत नाही. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास सोडण्याची सवय शॅडोबॉक्सिंगपासूनच लावावी लागते. पॅडवरही दोन मिनिटे काम आणि एक मिनिट विश्रांती हेच माप ठेवावे.

लढतीचे चित्रीकरण प्रशिक्षकासोबत, थांबवत थांबवत पाहावे. बहुतेक नवख्यांत एक चूक हमखास दिसते. उजव्या पायाने राउंडहाउस किक मारताना कंबर वळते, तोल सावरायला उजवा हात खाली झटकला जातो आणि त्याच्या जोडीने डावाही गालापासून सुटतो. त्या क्षणी खेळाडू एका पायावर असतो, त्यामुळे समोरून आलेला सरळ ठोसा चुकवायला त्याला जागाच नसते. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा: डावा हात गालाला चिकटलेला ठेवून संथ गतीने किक मारायची, पाय जमिनीवर येताच गार्ड पूर्ण करायचा आणि लगेच बाजूला सरकायचे. वेग नंतर वाढवावा.

कोणता बचाव आधी पक्का करायचा, हे लढतीच्या प्रकारावर ठरते. फुल कॉन्टॅक्टमध्ये मांडीवर लाथ चालत नाही, लो किकमध्ये चालते. तिथे पुढचा पाय उचलून नडगीवर लाथ अडवता आली नाही, तर मांडी बधिर होते आणि हालचालच मंदावते.

स्पॅरिंग बहुतांशी हलकेच असावे आणि दर वेळी एकच काम ठरवून करावे: आज फक्त जॅब, उद्या फक्त लाथ अडवून प्रत्युत्तर. रोज जोरात भिडल्याने खेळाडू कणखर होतो, हा समज घातक आहे. डोक्याला बसणारा मार साचत जातो. लढतीनंतर डोकेदुखी, गरगरणे किंवा मळमळ जाणवली, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्पॅरिंग पूर्ण बंद ठेवावे.

दुसरी लढत शक्यतो त्याच नियमांची घ्यावी. तिची तारीख पराभवाच्या रागात किंवा विजयाच्या भरात ठरवू नये. दमलेल्या अवस्थेतही गार्ड गालावर टिकू लागला की प्रशिक्षकाने ती ठरवावी.