ज्याचें जळतें त्याला कळतें

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणें या संस्कृत धातूपासून आला आहे. वेद आणि विद्या हे शब्दही त्याच कुळांतले. परंतु विद्या दुसऱ्याला देतां येते. वेदनेचें ज्ञान ज्याचें त्याच्यापाशींच राहतें. शेजारी बसलेल्या माणसाला जखम दिसते, ताप हाताला लागतो, खोकला ऐकूं येतो. नुसती वेदना मात्र दिसत नाहीं, लागत नाहीं आणि ऐकूंही येत नाहीं. ती दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मानावी लागते. आणि घरांतलें एखादें माणूस तीच तक्रार तिसऱ्या वर्षींही करूं लागलें म्हणजे मानणारांची संख्या हळूहळू रोडावत जाते.

आमच्या आत्याला ७१व्या वर्षीं नागीण झाली. उजव्या बाजूला पाठीपासून छातीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. नागिणीचें तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलीं म्हणजे माणूस दगावतो, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे, आणि शेजारच्या दोन बायकांनीं ती आत्याला आवर्जून सांगितलीही. वस्तुतः लहानपणीं येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणु मज्जातंतूच्या मुळाशीं दडून बसलेले असतात. उतारवयांत प्रतिकारशक्ति उणावली कीं ते त्याच तंतूच्या वाटेनें कातडीपर्यंत येतात. डाव्या-उजव्या बाजूंचे तंतु वेगवेगळे असल्यामुळें हा पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेशीं येऊन थांबतो. तोंड-शेपटीची भेट सहसा होत नाहीं. आत्याच्या बाबतींतही ती झाली नाहीं. महिन्याभरांत खपल्या गळाल्या, आणि घरांत सर्वांना हायसें वाटलें.

आत्याला मात्र तसें वाटलें नाहीं. फोड गेले, आग राहिली. पदर अंगावरून सरकला तरी निखारा फिरविल्यासारखें होई. पंख्याचा वारा सोसवत नसे. कित्येक रात्री ती खुर्चीच्या कडेला बसून काढी. इजा झालेला मज्जातंतु कांहीं कारण नसतांही संदेश पाठवीत राहतो. त्या भडिमारानें मज्जारज्जु आणि मेंदू यांतील केंद्रें इतकीं हळवीं होतात, कीं साध्या स्पर्शाचा अर्थही तीं 'जळतें आहे' असाच लावतात. देवळांत कोणी नसतां घंटा वाजत राहावी, तसा हा प्रकार. नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या येथें फारशा चालत नाहींत. प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशीं निराळीं औषधें द्यावीं लागतात. त्यांनीं कित्येकांना आराम पडतो. आत्याला त्यांनीं गुंगी आली, चालतांना तोल जाऊं लागला, आणि आग होती तेथेंच राहिली. एका डॉक्टरांनीं तिला तपासून सांगितलें, "जखम भरली आहे. आतां मनाला लावून घेऊं नका." वाक्य सौजन्याचेंच होतें; पण त्या दिवसापासून आत्यानें दुखण्याविषयीं बोलणें सोडलें, आणि घरांतल्या माणसांनीं समजूत करून घेतली, कीं उतार पडला.

पुढें वर्षभरानें पुण्याच्या एका रुग्णालयांत अशा दुखण्यावर चुंबकाचे उपचार होतात असें कळलें. आत्या तयार झाली. पण दाराशीं येतांच थबकली. वर पाटी होती, 'मनोविकार विभाग'. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलंय, असंच ठरलं ना तुमचं?"

या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देणें कठीण होतें. १८३१ सालीं मायकेल फॅरडेनें दाखवून दिलें, कीं चुंबकीय क्षेत्र बदलूं लागलें म्हणजे जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते. मेंदूचाही सारा व्यवहार विजेच्या सूक्ष्म प्रवाहांनींच चालतो. १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनीं माणसाच्या डोक्यावर तारेचें वेटोळें धरून त्यांतून निमिषमात्र प्रचंड प्रवाह सोडला, आणि त्या माणसाच्या हाताचे स्नायू आपोआप आखडले. डोक्यावरून थेट वीज देऊनही हें साधत असे, पण तें फार दुखे. चुंबकीय क्षेत्राला कवटीचा अडथळा होत नाहीं. दुसरा धागा जपानांतला. १९९१ सालीं त्सुबोकावा आणि त्यांचे सहकारी यांनीं शस्त्रक्रिया करून, मेंदूचा जो पट्टा शरीराच्या हालचाली घडवितो त्यावर विजेचीं टोकें बसविलीं, आणि मेंदूंतील बिघाडामुळें होणारी हट्टी वेदना त्यानें कमी होते असें दाखविलें. वेदनेसाठीं हालचालीच्या केंद्राला डिवचावें हें चमत्कारिक वाटतें. पण तेथून मेंदूच्या खोल भागांकडे वाटा जातात, आणि वेदना दाबणारी शरीराची स्वतःची यंत्रणा त्या वाटांनीं जागी होते. अफूचा अंमल उतरविणारें नालॉक्झोन हें औषध दिलें असतां चुंबकाचा गुण कमी होतो, असें २०११ सालच्या एका प्रयोगांत आढळलें. म्हणजे मेंदूजवळ स्वतःची अफू असते, आणि चुंबक ती त्याच्याकडून काढवितो.

हें दोन्ही धागे पुढें जुळले. यूरोपांतील तज्ज्ञांनीं २०१४ आणि २०२० सालच्या आपल्या अहवालांत मज्जातंतूंच्या वेदनेवरील या उपचाराच्या पुराव्याला सर्वांत वरचा दर्जा दिला. २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेचा सूर मात्र सावध होता. तिच्या मतें गुण लहान आणि अल्पकाळचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. राहिली पाटी. या यंत्राला अमेरिकेंत २००८ सालीं मान्यता मिळाली ती नैराश्यावरील उपचार म्हणून. त्यामुळें तें बहुधा मनोविकारतज्ज्ञांकडे असतें.

हें सारें मीं आत्याला जमेल तसें सांगितलें. ती आंत गेली ती माझ्या व्याख्यानामुळें कीं दुखण्यामुळें, कोण जाणे. डोक्यांत कोठें धातु आहे काय, कधीं फेफरें आलें होतें काय, अशी चौकशी झाली. कानांत बोळे घातले गेले. मग इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखें वेटोळें डॉक्टरीणबाईंनीं डोक्याच्या डाव्या बाजूवर थोडें थोडें सरकवीत नेलें, कारण उजव्या अंगाचा कारभार मेंदूची डावी बाजू पाहते. एका ठिकाणीं 'टक्' असा आवाज झाला, आणि आत्याचा उजवा अंगठा टुणकन् उडाला. तिनें दचकून म्हटलें, "मी नाहीं हो हलवला!"

"आम्हांला ठाऊक आहे, आजी," बाई म्हणाल्या.

एवढ्या तीन वर्षांत तिच्या शरीराविषयींचें तिचें म्हणणें कोणी इतक्या सहज मानलें नव्हतें. ती हंसली. मग सेकंदाला दहा ठोके, थोडी विश्रांति, पुन्हा ठोके, असा क्रम सुमारें वीस मिनिटें चालला. आणि पुढें दहा दिवस रोज.

चमत्कार झाला नाहीं. दहांपैकीं आठ असलेली वेदना पांचांवर आली. घरांत कोणी तरी म्हणालें, "एवढा खर्च करून तीनच?" आत्या शांतपणें म्हणाली, "तीन म्हणजे आडवं होऊन झोंपतां येतं." पाहणाराला रोग हटलेला तरी हवा असतो, नाहीं तर उपचार व्यर्थ तरी ठरायला हवा असतो, सोसणाराचा संसार मधल्या आंकड्यांवर चालतो. हा गुणही कांहीं आठवड्यांनीं ओसरतो, आणि पुन्हा जावें लागतें. ती जाते.

यावर एक शंका घेतां येईल, आणि ती मीं स्वतःही घेतली. प्रयोगांत नुसता आवाज करणारें खोटें वेटोळें वापरलें, तरी कांहीं रुग्णांना बरें वाटतें. मग हा मनाचा खेळ नव्हे काय? म्हणूनच खऱ्या वेटोळ्याचा गुण खोट्याशीं ताडून पाहतात. २०२१ सालीं फ्रान्सांतून प्रसिद्ध झालेल्या, १४९ रुग्णांच्या अशाच प्रयोगांत खरें वेटोळें सरस ठरलें. पण खोट्यानें मिळालेला आरामही त्याच मेंदूंत घडतो, ज्यांत वेदना घडते. 'मनाचें' म्हणून जें आपण झटकून टाकतों, तें कोठें तरी शरीरांतच चाललेलें असतें.

हल्लीं आमच्या घरांत आत्याला 'बरें आहे ना?' असें कोणी विचारीत नाहीं. 'आज किती?' असें विचारतात. ती आंकडा सांगते, आणि त्या आंकड्यावर कोणी वाद घालीत नाहीं.