माठाचं गोत्र

१७ जुलै २०२४, बुधवार. आषाढी एकादशी.

कढीपत्त्याच्या कुंडीत काहीतरी उगवलंय. सहा-सात पानं, देठ लालसर, पानाच्या शेंड्याला नखानं टोचल्यासारखी बारीक खाच. मी उपटायला वाकले तर मावशी ओरडल्या, "ताई, राहू द्या, तांदुळजा आहे." मी म्हटलं, माठ असेल. "तेच ते," म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या. तेच ते नव्हे. पण नेमकं कुठलं, ते आज मलाही सांगता येणार नाही. तीस वर्षं वर्गात 'पान बघून नाव सांगू नका, फूल येऊ द्या' असं पोरांना दटावलं, आता स्वतः थांबायचं.

फराळाला राजगिऱ्याची वडी. राजगिरा उपवासाला चालतो कारण ते धान्य नव्हे, असं आई सांगायची. वनस्पतिशास्त्र तिच्याच बाजूनं आहे. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी ही सगळी गवतं. राजगिरा गवत नव्हे, पालेभाजीच्या कुळातला. पण मग वरी? वरी चक्क गवत आहे आणि उपवासाला खुशाल चालते. हे आईसमोर काढायची माझी कधी छाती झाली नाही.

वडीच्या कोपऱ्यात एक न फुटलेला दाणा सापडला. दहापट भिंगाखाली धरला. मसुरीसारखा चपटा, जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि कडेनं दोरा गुंडाळावा तशी गोल कड. ती कड म्हणजे गर्भ. मधल्या पिठाला वेटोळं घालून बसलेला. गव्हात पिठाचा साठा फलनानंतर नव्यानं तयार होतो; इथं तो आई-झाडाच्याच ऊतीत साठवलेला असतो. असा वाकडा गर्भ पालकाच्या बीत आहे, चाकवताच्या आहे, घोळीच्याही आहे. बेंथम आणि हूकर यांनी एकोणिसाव्या शतकात यांतल्या माठ-पालक-चाकवताचा गट बांधला तो गर्भाच्या या वाकडेपणावरूनच. पुढच्या शतकात डीएनए वाचता यायला लागला तेव्हा तो गट बराचसा खरा ठरला. भिंग घेऊन बसलेल्या माणसांना कमी लेखू नये.

२१ जुलै, रविवार

भाची आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या भांडण. "आत्या, तू मला पालक चिनोपोडिएसी कुळातला म्हणून शिकवलास. सर म्हणाले, ते कुळच आता नाही."

नाही कसं, होतं की. जुसियनं १७८९ मध्ये माठाचं कुळ मांडलं, दहा वर्षांनी व्हाँतनानं चाकवताचं. दोन्ही कुळं शेजारी शेजारी नांदत होती आणि त्यांच्यातली भिंत फार पातळ होती: माठाच्या फुलाची दलं कागदासारखी कोरडी, चाकवताची हिरवी; माठाकडे पुंकेसरांचे तंतू तळाशी बरेचदा जुळलेले. १९९८ मध्ये आवृतबीजींच्या नव्या वर्गीकरणानं ती भिंत पाडली आणि चाकवत, पालक, बीट, किनोआ हे सगळे अमॅरॅन्थेसी कुळात आले. आता या एकत्र कुटुंबात अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. काही तज्ज्ञ अजूनही दोन चुली मांडतात. मला स्वतःला एकत्र कुटुंब पटतं, पण परीक्षेत सर सांगतील तेच लिही, असं तिला बजावलं.

किनोआची तिची पुडी मी हातात घेऊन म्हटलं, अगं, हा चाकवताचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीतला. तिला ते फारसं आवडलं नाही. किनोआ महाग आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

रोप वीतभर. पानांच्या बगलेत काटे नाहीत, म्हणजे काटेमाठ बाद.

आठवड्यानं आज ऊन पडलं. एक पान उजेडाकडे धरलं की शिरांची जाळी बाकीच्या पानापेक्षा गडद हिरवी दिसते. शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं आणि हरितद्रव्य तिथं ठासून भरलेलं असतं. कार्बन आधी बाहेरच्या पेशीत पकडायचा, मग आत नेऊन साखर करायची. ऊस, मका, ज्वारी हेच करतात, म्हणून उन्हात ती तगतात. रुंद पानांच्या वनस्पतींत ही युक्ती विरळा. पण या कुळाला ती इतक्यांदा सुचली आहे (दहाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे) की आश्चर्य वाटायचं थांबतं. पालकाला मात्र ती जमलेली नाही. उन्हाळ्यात पालक मान टाकतो आणि माठ जोमात येतो, ते बऱ्याच अंशी यामुळं.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी, श्रावणातला पहिला शुक्रवार.

जिवतीसाठी आघाडा-दुर्वांची माळ आणली. फुलवालीनं जुडीबरोबर पदराला चिकटलेली चार-पाच फळंही फुकट दिली.

आघाडा हासुद्धा माठाच्याच कुळातला. हे सांगितलं की लोक हसतात. पण आघाड्याचं खोड मी माझ्या हयातीत किती वेळा कापलं असेल, देव जाणे. प्रात्यक्षिकाला तो हमखास असायचा: बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडनं पातळ काप, सॅफ्रनिनचा थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध दोन वाहिनीपूल एकमेकांकडे तोंड करून बसलेले. तिथं वाहिन्या असायलाच नकोत, तिथं गाभा हवा. शिवाय बाहेरच्या बाजूला एकामागून एक नवी कडी. पुस्तकात याला 'अपसामान्य वाढ' म्हणतात आणि पोरं ते पाठ करतात. मी त्यांना सांगायचे, घरी जाऊन बीट आडवं चिरा. त्या गडद-फिकट चकत्या म्हणजे हीच कडी, तिखटमीठ लावून खाण्याइतकी मोठी झालेली.

कुरडूही यांच्यातलाच; आपल्याकडे त्याच्या कोवळ्या पानांची रानभाजी होते. त्याचा बागेतला भाऊबंद कोंबडा. श्रावणात पूजेचं ताट, रानभाजीची जुडी आणि कुंडीतलं तण एकाच कुळातून येतं, आणि स्वयंपाकघर त्यांची एकमेकांशी ओळखही करून देत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

लाल माठ आणला. गोव्यात याला तांबडी भाजी म्हणतात, ओलं खोबरं घालून नुसती परततात. धुतानाच पाणी गुलाबी झालं. ते फेकवेना. दोन वाट्या घेतल्या, एकीत माठाचं पाणी, दुसरीत लाल जास्वंदीच्या पाकळ्या चुरगळून केलेलं. रंग जवळजवळ सारखे. दोन्हींत चुन्याची निवळी घातली. जास्वंदीचं पाणी हिरवं झालं. माठाचं हळूहळू पिवळं पडत गेलं.

रंग सारखा, द्रव्य निराळं. जास्वंद, जांभूळ, गोकर्ण यांचा रंग अँथोसायनिनचा. माठाचा बीटालेनचा, त्यात नायट्रोजन असतो, अँथोसायनिनमध्ये नसतो. बीटालेन सपुष्प वनस्पतींत फक्त माठाचं कुळ ज्यात मोडतं त्या एका गणात सापडतं: माठ, बीट, गुलबक्षी, बोगनवेल, मायाळूची जांभळी फळं, फड्या निवडुंगाचं बोंड, ऑफिस टाइमची फुलं. आणि एकाच झाडात हे दोन्ही रंग एकत्र आजवर कोणाला सापडलेले नाहीत. गंमत अशी की याच गणातला कार्नेशन मात्र अँथोसायनिनवाला. घरातला एखादा मुलगा वेगळ्या पंथाला जावा तसा.

लाल माठाचं शास्त्रीय नाव अमॅरॅन्थस ट्रायकलर, तिरंगी. उद्या झेंडावंदन, म्हणून आठवलं असेल. हा मूळचा आशियातलाच. पण लिनीअसच्या हातात याच्या वेगवेगळ्या रंगांच्या पानांचे नमुने पडले आणि त्यानं एकाला ट्रायकलर, दुसऱ्याला मेलँकोलिकस म्हणजे उदास, तिसऱ्याला ट्रिस्टिस म्हणजे दुःखी, आणि पुढं चौथ्याला गँजेटिकस, गंगेकाठचा, अशी नावं दिली. आज ही सगळी एकाच जातीची मानतात. तेव्हा तांदुळजा, माठ, पोकळा, चवळई यांचा गोंधळ घातल्याबद्दल मावशींना बोल लावायचा मला अधिकार नाही. इथं खुद्द लिनीअस रंगाला भुलला.

१८ ऑगस्ट, रविवार

वाण्याकडून राजगिरा आणला, बशीत पसरला. एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे भरतात, त्यामुळं निवडणं हा उद्योग नव्हे, व्रत आहे. जवळपास सगळे पिवळसर. अर्ध्या तासात सात काळे, चकचकीत दाणे निघाले.

काळे ते खरे. रानटी माठाचं बी काळं, कडक कवचाचं. जमिनीत दबा धरून वर्षानुवर्षं पडून राहतं आणि सवडीनं उगवतं. शेतकऱ्याला अशी सवड परवडत नाही. टाकलं की उगवलं पाहिजे. फिक्या, पातळ कवचाचं बी निवडत निवडत माणसानं राजगिरा केला. आणि तो इथं नाही केला. मेक्सिकोच्या तेहुआकान खोऱ्यातल्या गुहांमधून १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मॅकनीशच्या उत्खननात माठाच्या बिया निघाल्या, त्या जोनाथन सॉअर या वनस्पतिशास्त्रज्ञानं तपासल्या. सॉअरनं १९५० मध्येच धान्य-माठांचा पहिला नीट आढावा लिहिला होता. तीन जाती: हायपोकाँड्रिअ‍ॅकस आणि क्रूएंटस मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या, कॉडेटस अँडीजमधली. प्रश्न असा की एकाच रानटी माठापासून एकदाच झाल्या की तिघी वेगवेगळ्या ठिकाणी? अलीकडच्या जनुकीय अभ्यासांचा कल हायब्रिडस या रानटी जातीकडे आणि एकाहून जास्त वेळा माणसाळवण्याकडे आहे. म्हणजे दूरदूरच्या लोकांना एकाच तणात अन्न दिसलं. रंगसूत्रांची गणती मात्र खोडा घालते: हायपोकाँड्रिअ‍ॅकसची ३२, क्रूएंटसची ३४.

अ‍ॅझ्टेक लोक याच्या पिठाच्या देवमूर्ती करून खात. स्पॅनिश पाद्र्यांना ते बघवलं नाही. आजही मेक्सिकोत लाह्या पाकात घालून वड्या थापतात. त्या वडीचं नाव 'अलेग्रिया', आनंद. आपली एकादशीची वडी आणि ती शेजारी ठेवली तर फरक गुळाचा. राजगिरा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, मिरची: विठोबाचा उपवास आपण अमेरिकेच्या जिवावर करतो. मला यात कमीपणा वाटत नाही.

हायपोकाँड्रिअ‍ॅकसचा जनुकसंच पहिल्यांदा वाचला तो बंगळुरूच्या संशोधकांनी, २०१४ मध्ये. म्हणजे पाहुण्याची पत्रिका अखेर इथंच मांडली गेली.

सात काळे दाणे वेगळ्या कुंडीत टाकले.

२२ ऑगस्ट, गुरुवार

फूल आलं! म्हणजे 'फूल' म्हणायचं आपलं. शेंड्याला हिरवट, बारीक शेपटी, तिच्यात शेकडो फुलं आणि एकही डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्यावर परागण करणाऱ्याला नटायचं कारण नसतं. सुईच्या टोकानं एक सोडवलं, भिंग लावलं. दलं तीन. राजगिऱ्याच्या गटात पाच असतात; काटेमाठातही पाच. म्हणजे हा त्यांच्यातला नाही. लाल माठाला तीनच असतात, पण त्याची दलं टोकाला कुसळासारखी लांब, आणि फुलांचे गोळे पानांच्या बगलेत. हा शेंड्याला शेपटी काढून बसलाय.

उरले दोघे. निर्णय फळ देईल.

३० ऑगस्ट, शुक्रवार

भाचीचा फोन. तिच्या सेमिनारचा विषय पामर माठ. अमेरिकेतल्या कापूस-सोयाबीनच्या शेतात ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारं तण. २०१० मध्ये कारण कळलं: फवारा ज्या विकरावर घाव घालतो त्याचं जनुक या झाडानं स्वतःत शंभराहूनही अधिक प्रतींनी वाढवून ठेवलं आहे. विष पुरतच नाही. एक मादी झाड लाखांनी बिया देतं, त्यामुळं असा एखादा निघायला वेळ लागत नाही. "आत्या, उत्क्रांती डोळ्यांसमोर चालू आहे," म्हणाली. हो, आणि शेतकऱ्याच्या खर्चानं.

काळ्या सात दाण्यांपैकी दोन उगवले.

८ सप्टेंबर, रविवार. ऋषिपंचमी.

फळ तयार. पाच-सहा दाणे तळहातावर घेऊन चोळले. राजगिऱ्याचं आणि लाल माठाचं फळ पिकलं की कंबरेत गोल चिरतं आणि डबीच्या झाकणासारखा वरचा भाग पडतो. याचं उघडलं नाही. पोकळ्याचंही उघडत नाही, पण ते गुळगुळीत आणि दलांच्या बाहेर डोकावणारं. याचं सुकलेल्या मिरीसारखं सुरकुतलेलं, दलांएवढंच. भिंगाखाली तीनदा पाहिलं.

अमॅरॅन्थस व्हिरिडिस, लिनीअस, १७६३.

एक फांदी दोन वर्तमानपत्रांत घालून वर शब्दकोश ठेवला. मावशी विळी घेऊन बसल्या होत्या: अळू, पडवळ, भोपळा, मका, माठाचे देठ. आज बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. कुंडीतल्या रोपाला बैल सोडाच, मीही हात लावला नव्हता. कोवळे शेंडे खुडून त्यांनी ऋषीच्या भाजीत टाकले.

"काय निघालं मग?" त्यांनी विचारलं.

"व्हिरिडिस. हिरवा माठ."

"तांदुळजाच की," म्हणाल्या आणि झाकण ठेवलं.