भार पडल्यावर

आमच्या मुलुंडच्या घरांत गॅलरीच्या कोपऱ्यांत एक टेबल आहे. घरची मंडळी त्याला 'भंगाराचें दुकान' म्हणतात. मी त्याला माझी प्रयोगशाळा म्हणतों. त्या टेबलावरील सर्वांत वडीलधारी वस्तु म्हणजे माझ्या वडिलांनीं स्वतः जुळविलेला पॉवर सप्लाय. घरांतील 230 व्होल्टांच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला वळण लावून 12 व्होल्टांचा एकमार्गी प्रवाह देणें, हें त्याचें काम. परवां त्यानें तें सोडलें. रेडिओ जोडतांच सुरांऐवजीं गुरगुर ऐकूं येई आणि त्याच्यावरील कांटा आठांवर घसरे.

आदल्या दिवशीं तो चिरंजीवांनीं वापरला होता. मग काय विचारतां! चौकशीवांचूनच मीं निकाल देऊन टाकला. "आजोबांची एक आठवण तुला सांभाळतां आली नाहीं," असेंहि बोलून गेलों. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र अर्ध्या जेवणावरून उठला.

रात्रीं मल्टिमीटर घेऊन बसलों. भार काढला, तों व्होल्ट बरोबर 12! भार जोडला, कीं पुन्हां घसरगुंडी. ट्रान्सफॉर्मर धड होता, चारी डायोड निर्दोष होते. शेवटीं मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर उलटसुलट प्रवाहाचें माप घेतलें. जेथें फार तर एखादा व्होल्ट दिसावा, तेथें चार व्होल्टांची लाट उसळत होती. सेकंदाला 100 वेळां येणाऱ्या लाटांमधील खळगे भरून काढणें हें या कपॅसिटरचें काम; पण उष्णतेनें वर्षानुवर्षें त्याच्या पोटांतील द्रव आटत आला होता. दोष कोणाच्या हाताचा नव्हता, वयाचा होता. आणि भार नसतां तो दिसलाहि नसता.

इतक्यांत कल्याणकडे जाणारी गाडी धडधडत गेली. या मार्गावर 2015 पर्यंत तारेंतूनच 1500 व्होल्टांचा एकमार्गी प्रवाह मिळे. आतां 25,000 व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह येतो आणि त्याला वळण गाडीच्या पोटांतच लावलें जातें. मनांत आलें, हजारोंचा भार घेऊनहि ती रोज धांवते. आणि माझा दिवसभर 12 दाखविणारा कांटा एका किरकोळ शंकेसरशीं आठांवर आला!

दुसऱ्या दिवशीं लॅमिंग्टन रोडवरून नवा कपॅसिटर आणला. चिरंजीवांना हांक मारून प्रथम ती लाट दाखविली, मग स्वतःची चूक कबूल केली. तो क्षणभर गप्प राहिला. मीं जुन्या कपॅसिटरला हात घालतांच मात्र हंसून म्हणाला, "बाबा, आधीं रोध लावून त्यांतला सांठा हळूहळू निचरूं द्या. नाहीं तर ठिणगी उडते."