सहलीचे संमतीपत्र

आम्ही सातवीत असताना आमच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली. परतवाड्याहून चिखलदरा तीस-बत्तीस किलोमीटर. आमच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले की उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसत. एवढ्या जवळची सहल, तरी अब्बांनी 'नाही' म्हटले. त्यांचे वाक्य आजही कानात आहे, "शादी के बाद शौहर के साथ देख लेना." अब्बा कठोर नव्हते. आमच्या शिक्षणासाठी त्यांनी पोटाला चिमटा घेतला होता. पण मुलगी शाळेच्या गाडीत बसून घाट चढणार, ही गोष्ट त्यांच्या मनात बसत नव्हती. सहलीच्या दिवशी आम्ही गच्चीवर बसून त्या डोंगराकडे पाहत राहिलो. पुढे गाविलगड पाहिला तेव्हा वयाची पंचविशी उलटली होती.

आता आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकवतो. मुली आम्हाला 'बाजी' म्हणतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी सहलीत बुडाले. ती बातमी आमच्या मोहल्ल्यात घरोघरी वाचली गेली. मृतांत आपल्या समाजाची मुले-मुली होती. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. पण आमच्याकडे नियमांपेक्षा भीती मोठी झाली. आधी मुलींची सहल थांबली, मग मुलांची. दरवर्षी डिसेंबरात विषय निघायचा आणि कोणीतरी म्हणायचे, "जाऊ द्या, कोण जोखीम घेणार?" विषय तिथेच संपायचा.

मध्यंतरी सातवीच्या वर्गात जपानविषयी शिकवत होतो. जपान हा देश आमच्या मनात बी.एड.पासून घर करून आहे. सर सय्यद अहमद खान यांचे नातू रॉस मसूद हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. १९२२ साली ते समुद्रमार्गे जपानला गेले. आपले वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे आणि कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे होते. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ नुकतेच सुरू झाले होते आणि उच्च शिक्षण उर्दूतून देता येईल का, यावर वाद चालू होता. जपानने नवे ज्ञान स्वतःच्या भाषेत कसे आणले, ते रॉस मसूद यांनी डोळ्यांनी पाहिले आणि १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिले. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ही हकीकत धीर देणारी आहे.

वर्गात आम्ही जपानी मुलांच्या सहलींबद्दल सांगू लागलो. तिकडे सहल हा अभ्यासाचाच भाग मानतात. १८८६ साली टोकियोच्या अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे आमच्यासारखेच होऊ घातलेले शिक्षक, अकरा दिवसांच्या पायी सहलीला निघाले. तिथून ही प्रथा रुजली. दहा वर्षांनी नागासाकीच्या व्यापारी शाळेची मुले जहाजात बसून थेट शांघायला गेली. आजही शाळा सोडण्यापूर्वी मुले-मुली वर्गासह क्योतो, नारा, हिरोशिमा पाहून येतात. हिरोशिमात १९५८ साली उभारलेले मुलांचे स्मारक आहे. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून बाराव्या वर्षी वारलेल्या सादाको नावाच्या मुलीच्या वर्गमित्रांनी त्यासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली होती. सहलीला आलेली मुले तिथे कागदाचे पक्षी वाहतात. पुढे जपान सरकारने १९८८ पासून वेगवेगळ्या देशांतील तरुणांना एका जहाजावर एकत्र आणले. जहाजावर शिकायचे, बंदर आले की उतरून गावे पाहायची. त्यात भारतातलेही तरुण गेले आहेत.

एका मुलीने विचारले, "बाजी, वहाँ मस्जिद है?" आम्ही सांगितले, कोबे बंदरात १९३५ साली बांधलेली मशीद आहे. तिच्या बांधकामात हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९४५च्या बॉम्बवर्षावात आणि १९९५च्या भूकंपात आजूबाजूची घरे पडली, मशीद उभी राहिली. वर्गात एकदम शांतता पसरली. मग दुसरीने हात वर केला, "बाजी, अपनी सहल कब जायेगी?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "पालकांची लेखी संमती आणा, मग पाहू." एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची, सकाळी निघून मगरिबच्या आत परत यायचे, असे ठरले. संमतीपत्रे वाटली. मुलांची बहुतेक परत आली. मुलींची जेमतेम निम्मी आली, आणि त्यांतल्या काहींवर 'नाही' लिहिलेले होते.

मग आम्ही घरोघरी गेलो. सातवीत एक हुशार मुलगी आहे. तिचे वडील सागवानी फर्निचरचे कारागीर. आम्ही गेलो तेव्हा ते पलंगाच्या पायाला पॉलिश करत होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मुरूडचीच गोष्ट काढली. म्हणाले, "बाजी, आपकी नीयत पे शक नहीं. लेकिन बच्ची को कुछ हो गया तो?"

आम्ही त्यांना जपानमध्ये घडलेली एक घटना सांगितली. ११ मे १९५५ रोजी दाट धुक्यात 'शिउन मारू' नावाची प्रवासी बोट दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. १६८ माणसे गेली. त्यांत शंभर शाळकरी मुले होती, सहलीला निघालेली. मुलांपेक्षा मुली कितीतरी जास्त होत्या. देशभर हाहाकार उडाला. पण जपानने सहली बंद केल्या नाहीत. शाळाशाळांतून पोहण्याचे तलाव बांधले आणि मुला-मुलींना पोहणे शिकवायला घेतले. जिथे बोट बुडाली त्या समुद्रावर पूल बांधायची मागणी जोर धरू लागली आणि १९८८ साली तो पूल खुला झाला. आम्ही म्हणालो, "भाईजान, त्यांनी भीतीला उत्तर दिले. आपण दार बंद करून घेतो."

आम्हाला वाटले, आता ते निरुत्तर होतील. त्यांनी पॉलिशचा बोळा खाली ठेवला आणि विचारले, "फिर आप हमारी बच्चियों को तैरना सिखाते क्या? आपको आता है?"

आम्हाला पोहता येत नाही. आमच्या शाळेत कोणत्याच बाईंना येत नाही. आम्ही तसे सांगितले. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. त्या माणसाचे म्हणणे खरे होते. जपानने जे केले त्यातला पहिला अर्धा भाग आम्ही सांगत होतो, दुसरा अर्धा भाग आमच्यापाशी नव्हता.

तेवढ्यात आतून मुलीच्या आईचा आवाज आला, "मैं साथ जाऊं तो?" वडिलांनी आत पाहिले. मग आमच्याकडे. मग हसून म्हणाले, "ये भी नहीं गयी कभी."

त्या एका वाक्याने वाट दाखवली. आम्ही मुख्याध्यापकांना विचारून प्रत्येक घरी निरोप दिला, अम्मींनीही यावे. सात जणी तयार झाल्या. त्यांतल्या पाच जणी परतवाडा-अचलपुरात जन्मल्या, इथेच नांदल्या, पण एकीनेही घाट चढला नव्हता. डोंगर समोर होता, पाहण्याची परवानगी नव्हती.

निघालो त्या दिवशी आधी अचलपूरजवळ हौज कटोरा पाहिला. तलावात उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा पाहून मुली म्हणाल्या, हे आपल्या गावचे? मग घाट चढून गाविलगडावर गेलो. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली हा किल्ला बांधला असे सांगतात. दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडून असलेला दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे, गंडभेरुंड. वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क मुळात विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९०मध्ये स्वतंत्र झाला. त्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. दरवाजावरचा तो पक्षी विजयनगरची आठवण असावा, असे इतिहासकार म्हणतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रज फौजेने भोसल्यांकडून हा किल्ला घेतला. हे सारे आम्ही मुलींना सांगत होतो, पण कान देऊन ऐकत होत्या त्या अम्मी. कारागिराची बायको त्या पक्ष्याखाली बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "बाजी, ये नक्श तो इनको दिखाना चाहिए. पलंग पे अच्छा खुलेगा."

तलावाच्या काठावर आम्ही मुलींना दहा पावलांच्या पुढे जाऊ दिले नाही. त्या रुसल्या. आमच्या मनात मात्र तोच प्रश्न खदखदत होता, आपको आता है?

मगरिबच्या अजानीआधी गाडी परतवाड्यात पोहोचली. ते कारागीर रस्त्यावर उभे होते. मुलगी उतरली, मग तिची आई. त्यांनी आम्हाला सलाम केला, दुसरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलींकडून सहलीवर निबंध लिहून घेतला. त्या मुलीने शेवटी लिहिले होते की अम्मीला घाटात भीती वाटली तेव्हा आपण तिचा हात धरला.

कुरआनाने जमिनीवर फिरून पाहायला सांगितले आहे. हे सांगणे फक्त पुरुषांसाठी आहे, असे त्यात कुठे नाही. आपण मात्र मुलींसाठी ते लग्नानंतरच्या तारखेवर टाकले. मुरूडची मुले आठवली की आजही काळीज हलते, आणि हलायलाच हवे. पण त्या दुःखातून आपण काय शिकलो, असा प्रश्न कोणी विचारला तर मुलींना घरी बसवले, एवढेच उत्तर असू नये.

यंदा पुन्हा संमतीपत्रे वाटायची आहेत. त्याआधी मुलींना आणि त्यांच्या बाजींना पोहायला शिकवील अशी एखादी बाई आम्ही शोधत आहोत. अमरावतीपर्यंत चौकशी झाली, अजून कोणी मिळाली नाही. शोध चालू आहे. सापडली तर पाण्यात पहिल्यांदा आम्हीच उतरू, आणि मग त्या कारागिरांच्या घरी जाऊन त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ.