दोष दुर्बिणीचा नव्हता



दर वेळी मी रुग्णांचे अनुभव सांगतो. या वेळी रुग्ण मीच आहे.

मला पक्षी बघायचा नाद आहे. दवाखाना शहापूरला, त्यामुळे तानसा अभयारण्य काही लांब नाही. दोन वर्षांपूर्वी हौसेने एक भारी दुर्बीण घेतली. तिपाईवर बसवून एका डोळ्याने बघायची, २० ते ६० पट मोठं दाखवणारी, पुढची काच ८० मिलिमीटरची. लांब पल्ल्याच्या रायफलींवर ज्या महाग दुर्बिणी बसवतात, त्यांची ही थोरली बहीणच म्हणा. किंमत दीड लाखाच्या वर. घरी आकडा सांगितला तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ लग्न झालेल्यांना कळेल.

गेल्या जानेवारीत एका सकाळी तानशाच्या जंगलात सागाच्या फांदीवर एक छोटं घुबड दिसलं. दुर्बीण लावली, ६० पटीवर नेली. डोकं एकरंगी, ठिपके नाहीत. माझ्या छातीत धडधडायला लागलं. हा रानपिंगळा! हा पक्षी तब्बल ११३ वर्षं कोणाला सापडला नव्हता. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये आपल्या तानशातही त्याची नोंद झाली. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळपास नसतात. ओळखायची मुख्य खूण हीच.

मी तिथूनच मित्रांना फोनवर कळवून टाकलं. मग सोबत आलेल्या पाड्यावरच्या पोराला म्हटलं, "बघ रे, रानपिंगळा." त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, डोक्यावर ठिपके आहेत की. साधा पिंगळा हाय."

मी पुन्हा पाहिलं. मला ठिपके दिसेनात.

माझा राग निघाला दुर्बिणीवर. एवढे पैसे मोजून काच धुरकट? २० पटीवर त्यातल्या त्यात बरं दिसायचं, ६० पटीवर सगळं चहाच्या वाफेतून बघितल्यासारखं. दुकानात तपासायला पाठवली. पंधरा दिवसांनी 'काही दोष नाही' असा शेरा घेऊन ती परत आली. मी त्यांच्यावरही चिडलो.

सुभेदारांचा सल्ला

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी मुरबाडला बसतो. तिथे एक निवृत्त सुभेदार ब्लडप्रेशर दाखवायला येतात. त्यांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा जुना व्रण आहे. एकदा विचारलं तर हसून म्हणाले, "दुर्बिणीची निशाणी आहे साहेब." रायफलच्या दुर्बिणीपासून डोळा साधारण तीन-चार इंच लांब ठेवावा लागतो. रायफल मागे धक्का देते, आणि डोळा जवळ असला तर दुर्बिणीची कड भुवईत घुसते. माझ्या दुर्बिणीला धक्का नाही, म्हणून तिथे हे अंतर दीड-दोन सेंटिमीटर पुरतं.

माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "साहेब, काचेवर संशय घ्यायच्या आधी दुसरा डोळा लावून बघितलात का?"

नव्हता बघितला. मी कायम उजव्या डोळ्यानेच बघायचो. घरी येऊन गच्चीवर दुर्बीण मांडली आणि डावा डोळा लावला. समोरच्या मोबाइल टॉवरवरचे नटबोल्ट मोजता आले. उजवा लावला, पुन्हा वाफ.

मला मोतीबिंदू झाला होता. वय ५६, मधुमेह नऊ वर्षांचा, आणि डोळ्यांची वार्षिक तपासणी दोन वर्षं चुकवलेली. रुग्णांना मी ती चुकवू देत नाही.

६० पटीवरच जास्त धूसर का?

डोळ्यातल्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वयाने, मधुमेहाने, स्टिरॉइडच्या औषधांनी, तंबाखूने किंवा मार लागल्याने त्यातली प्रथिनं गढूळ होतात. हाच मोतीबिंदू. माझा डाग भिंगाच्या मागच्या पडद्याजवळ, अगदी मधोमध होता. मधुमेहींमध्ये आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये हा प्रकार बराच दिसतो.

आता दुर्बिणीचं गणित बघा. पुढच्या काचेची रुंदी भागिले किती पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ८० भागिले २० म्हणजे ४ मिलिमीटर. त्यातला काही प्रकाश डागाच्या बाजूने वाट काढतो. ८० भागिले ६० म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर. तो सगळा झोत नेमका मधल्या डागातून जाणार! दुर्बीण कितीही महाग असो, शेवटचं भिंग आपलंच असतं.

आणखी एक उपयोगी गोष्ट. दुर्बिणीचं चाक फिरवून साधा प्लस-मायनस नंबर भरून काढता येतो, पण सिलिंडरचा नंबर नाही. सिलिंडर असेल तर चष्मा लावूनच बघा. आणि कुठल्याही दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका. डोळ्याचा पडदा क्षणात कायमचा भाजतो.

मग मी काय केलं? काहीच नाही!

हे लिहायला लाज वाटते. "डावा डोळा चांगला आहे, पावसाळा होऊन जाऊ दे" म्हणत आठ महिने काढले. आवणी झाली की करू, लग्नसराई झाली की करू असं म्हणणाऱ्या रुग्णांना मी रागावतो. माझी सबब त्यांच्याहून वेगळी नव्हती.

सप्टेंबरमधल्या एका रात्री मुरबाडहून सरळगाव, किन्हवली मार्गे घरी येत होतो. समोरून आलेल्या ट्रकचे दिवे उजव्या डोळ्यात फुटले, सगळं पांढरं झालं. दिवे मागे पडले तेव्हा गाडीपुढे हातभरावर एक सायकलवाला होता. मागे कॅरिअरवर गवताचा भारा. ब्रेक लागला. तो मागे वळूनही न बघता निघून गेला. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीकडे गेलो. साखर आटोक्यात आणायला तीन आठवडे लागले, मग शस्त्रक्रिया झाली. फक्त थेंबांनी डोळा बधिर केला, टेबलावर असेन वीसेक मिनिटं. गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. असं पहिलं भिंग १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या पारदर्शक छताचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे घुसले होते. डोळा ते तुकडे सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तेच द्रव्य निवडलं. रायफलच्या दुर्बिणी बनवणारी झाइससारखी कंपनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शकही बनवते, हे मला टेबलावर पडल्या पडल्या आठवलं आणि हसू आलं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. आजच एकेक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

२. समोरच्या गाडीचे दिवे फुटणं, रंग पिवळट दिसणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं ही लक्षणं आहेत. साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला तर "चष्मा सुटला" म्हणून पेढे वाटू नका. तीही मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

३. मोतीबिंदू "पिकायची" वाट बघायची गरज नाही. रोजच्या कामात अडचण यायला लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. थेंबांनी तो विरघळत नाही. सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

४. डोळा अचानक दुखून लाल होणं, एकदम दिसेनासं होणं, वीज चमकल्यासारखं दिसणं किंवा पडदा पडल्यासारखं वाटणं यात एक दिवसही थांबू नका. शस्त्रक्रियेनंतर असं झालं तर अजिबातच नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा तानशाला गेलो. तोच पोरगा सोबत, तीच दुर्बीण, ६० पट. पिंगळा बसला होता. डोक्यावर ठिपकेच ठिपके. मित्रांना फोन करून जानेवारीची नोंद खोडायला सांगितली.

काळजी घ्या, आणि ते कॅलेंडर आज वाचाच.