कंसातले प्रश्नचिन्ह

आपण लिहिलेल्या वाक्यापुढे कंसात ठळक प्रश्नचिन्ह उमटलेले पाहणे कोणत्याही लेखकाला मानवणारे नसते. २०१९ साली झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री माझ्या प्रबंधात अशी ३१ प्रश्नचिन्हे होती, आणि सोमवारी तो विद्यापीठात सादर करावयाचा होता. विषय होता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. भाषा इंग्रजी, आणि लेखक निवृत्तीला दोनच वर्षे उरलेला एक शिक्षक.

मुलीच्या आग्रहास्तव मी तो लाटेक नावाच्या प्रणालीत जुळवला होता. तिच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये आणली. हे गणिती गृहस्थ लूथरपंथीय. बायबलमधील निरनिराळ्या पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन घेऊन त्यांनी १९९१ मध्ये एक सुंदर ग्रंथही काढला. हे कळल्यापासून त्या यंत्रणेवर माझा थोडा अधिकच विश्वास बसला होता. तो त्या रात्री डळमळू लागला.

“पप्पा, एकदा चालवून भागत नाही,” मुलगी म्हणाली. लाटेक पहिल्या फेरीत कोणकोणते ग्रंथ उद्धृत झाले त्याची केवळ नोंद करून ठेवते. मग बिबटेक हा दुसरा कार्यक्रम ती नोंद वाचतो, आपल्या ग्रंथभांडारातून तेवढेच ग्रंथ निवडतो आणि सूची तयार करतो. दुसऱ्या फेरीत ती सूची प्रबंधाला जोडली जाते, आणि तिसऱ्या फेरीत कुठे योग्य क्रमांक मजकुरात जाऊन बसतात. मी पहिल्या फेरीवरच थांबलो होतो. तिने सर्व फेऱ्या केल्या आणि ३१ प्रश्नचिन्हांची दोन झाली. त्यांतले एक तर एका खुणेत अक्षर चुकल्यामुळे आलेले होते.

प्रश्नचिन्हे गेली तरी सूची शुद्ध झाली नव्हती. एका नोंदीत स्वल्पविराम राहिला होता, म्हणून त्यापुढचा सारा तपशील यंत्राने सोडून दिला होता. ग्रंथ होता, पण प्रकाशक व वर्ष गळालेले. मोठी मौज झाली ती फादरांच्या नावाची. मी भक्तिभावाने नावापुढे स्वल्पविराम देऊन येशूसंघाची दोन अक्षरे, ‘एस. जे.’, लिहिली होती. बिबटेकच्या दृष्टीने स्वल्पविरामाच्या आधी येते ते आडनाव आणि नंतर येते ते पाळण्यातले नाव. म्हणून ‘थॉमस स्टीफन्स’ हे आडनाव ठरून फादर थेट ‘टी’ अक्षराखाली जाऊन बसले! शिवाय १६४० मध्ये रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या कोकणी व्याकरणावर पोर्तुगीज वळणाचे ‘एस्तेव्हांव’ हे नाव असल्याने ते ‘ई’ अक्षराखालीही होते. एकच माणूस, दोन ठिकाणी, आणि आपल्या खऱ्या जागी कुठेच नाही. यंत्राला ही ओळख पटणे शक्य नव्हते. ती आम्ही हाताने पटवून दिली.

मग उरले शेवटचे प्रश्नचिन्ह. तिसऱ्या प्रकरणात मी एक ओवी दिली होती आणि आधार म्हणून १६१६ ची रायतूरची आवृत्ती, पृष्ठांकासह. भांडारात अशी नोंदच नव्हती.

“एक नोंद घालते. लेखक, गाव, साल. मिनिटाचं काम आहे,” मुलगी म्हणाली. आणि मग सहज विचारले, “पण पप्पा, हे १६१६ चं पुस्तक तुम्ही कुठे पाहिलंत?”

मी गप्प झालो. क्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हे वाक्य मी स्वतः पहिल्या प्रकरणात लिहिले होते! मग ज्या पुस्तकाची प्रत कोणीच पाहिलेली नाही, त्याचा पृष्ठांक मी दिला कसा? जुनी वही उघडली. ओवी होती, साल होते, पृष्ठांक होता. कुणाच्या तरी लेखातून उतरवून घेतलेले. त्या लेखाचे नाव मात्र नव्हते. नोंद घातली असती तर प्रश्नचिन्ह खरोखरच गेले असते. यंत्र एवढेच पाहते की खुणेला जोड मिळाली. ते पुस्तक जगात आहे की नाही हे ते विचारीत नाही. कदाचित परीक्षकांनीही विचारले नसते. मोह झाला नाही असे म्हणणार नाही.

मुलीला झोपायला पाठवून मी सालदान्हा यांच्या १९०७ च्या मंगळूर आवृत्तीची छायाप्रत आणि बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती घेऊन बसलो. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, दुसऱ्याचे ५९. तेव्हा प्रथमच जाणवले की या ग्रंथाला पृष्ठांक द्यायचेच कशाला? बायबलचे वचन आपण पानाने कुठे सांगतो? रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये नव्या कराराला वचनांचे क्रमांक दिले, आणि तेव्हापासून प्रत कोणतीही असो, वचन सापडते. योगायोग असा की लॅटिनमध्ये या मुद्रकाचे आडनावही स्टीफनुस. पुराणाचाही पत्ता असाच सांगावा: पुराण, अवस्वर, ओवी.

पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या पुराणात ओवी सापडली. परंतु ज्या एका शब्दावर माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा युक्तिवाद उभा होता, तो शब्द तिच्यात नव्हता. त्या जागी दुसराच, साधा शब्द होता, दोन्ही आवृत्त्यांत. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताचा पाठ अनेक ठिकाणी वेगळा, अधिक संस्कृतप्रचुर आहे; तो शब्द कदाचित तिथला असेल. पण ते हस्तलिखित मी पाहिले नव्हते, आणि हातात एकच दिवस होता.

दोन पाने काढून टाकली. प्रकरणातील तीच मला सर्वांत आवडलेली होती. उजाडताना मुलगी चहा घेऊन आली. चर्चची पहिली घंटा होत होती आणि दारात कालच आणून ठेवलेल्या झावळ्या होत्या. तिने पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाली, “पानं कमी केलीत? मग सगळ्या फेऱ्या पुन्हा कराव्या लागतील.”

“मिस्साहून आल्यावर करू,” मी म्हणालो.