औक्षवंत हो

इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलच्या शेतात नांगरट करताना रोमन चांदी वर आली. तिच्यातल्या एका चमच्याच्या खोलगट पोटात दोनच शब्द कोरलेले आहेत : 'पास्केन्तिया विवास'. पास्केन्तिया हे बाईचं नाव. 'विवास' म्हणजे तू जगावंस. पण एवढ्यानं माझं समाधान होत नाही. ओवाळून झालं की निरांजनाच्या उजेडात आजी पुटपुटायची ना, 'औक्षवंत हो', तेच हे. लॅटिनला एका शब्दात साधलं, इतकंच.

हे मागणं चमच्यावर का कोरावं? मला ते फार योग्य वाटतं. जगणं रोज तोंडाशी येतं ते घासातूनच.

मिल्डनहॉलच्या दुसऱ्या काही चमच्यांवर ख्रिस्ताचं चिन्ह आहे. थेटफर्डला 1979 मध्ये मिळालेल्या चमच्यांवर मात्र फाउनुस या जुन्या रानदेवाचं नाव, आणि त्यांच्यातही 'विवास' आहेच. देव बदलले, आशीर्वाद तोच राहिला. थेटफर्डची हळहळ मात्र जात नाही. सापडल्याची बातमी महिनोन्‌महिने दडवली गेली आणि तोवर त्या जागेवर इमारत उभी राहिली. चमचे हाती आले, त्यांच्या भोवतीची माती काही सांगायच्या आत बुजली.

हॉक्सनला तसं झालं नाही. 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी धातुशोधक यंत्रानं शोधत होते. यंत्र वाजलं. चांदी-सोनं दिसताच त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना सगळं जागच्या जागी पाहता आलं : लाकडी पेटीचे अवशेष, आतल्या लहान पेट्यांची चांदीची इवलीशी कुलपं, भांड्यांमध्ये भरलेलं गवत. किती निगुतीनं ठेवलं होतं! परत येऊन काढायचं, या भरवशावर. चमचे आणि पळ्या मिळून शंभराला दोनच कमी. मिरपूड शिंपडायची चांदीची पात्रंही होती. मिरी तेव्हा आपल्या मलबारहून समुद्रापार जात असे.

नाण्यांतली शेवटची 407-408 सालची. ब्रिटनवरची रोमन सत्ता तेव्हा मावळत होती. दहा चमच्यांवर एकच नाव आहे, ऑरेलियुस उर्सिकिनुस. पेटी त्याचीच होती की नाही, सांगता येत नाही. ज्यानं पुरली तो परतला नाही, एवढं मात्र ती पेटीच सांगते.

हातोडी नंतर सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे, आणि उर्सिकिनुसचे दहा चमचेही तिथेच आहेत.